झाकली मूठ : ऊर्जेच्या गुपिताचे दोन खटले

वडील गेल्यानंतर त्यांची लोखंडी पेटी आवरताना एक करारपत्र हाती लागले. स्टॅम्पपेपरवर टंकलेले, साल १९८०. त्या वर्षी डिझेलसाठी पंपावर कॅन घेऊन रांगा लागत आणि विहिरींवरची इंजिने उभी असत. अशा दिवसांत एक गृहस्थ आमच्या भागात आले. डिझेलमध्ये निम्मे पाणी घालून इंजिन चालवणारे यंत्र आपण शोधले आहे, असे ते सांगत. एका मळ्यात त्यांनी ते चालवूनही दाखवले. फक्त पेटी उघडू दिली नाही. माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या चुलतभावाने, म्हणजे माझ्या काकांनी, मिळून एजन्सीपोटी पाच हजार रुपये भरले. करारात सात कलमे आहेत. संगमनेर तालुका कुणाचा, अकोले कुणाचे, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत विक्री केली तर भरपाई किती, वारसांकडे हक्क कसा जाईल, हे सगळे बारकाईने लिहिले आहे. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याबद्दल मात्र दोनच शब्द आहेत : 'सदर यंत्र'.

यंत्र आले नाही. गृहस्थही पुन्हा दिसले नाहीत. पण संगमनेर कुणाचे आणि अकोले कुणाचे यावरून दोन भावांत जे बिनसले ते बिनसलेच. काका माझ्या बहिणीच्या लग्नाला आले नाहीत. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी,' असे आजी म्हणायची आणि गप्प व्हायची.

हा कागद पुन्हा आठवला तो अगदी वेगळ्या वाचनात. मुंबईतल्या थिऑसॉफिस्टांविषयी टिपणे काढत होतो. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक त्यांनी तेथून सुरू केले. पुढे १८८८ साली ब्लाव्हाट्स्कीबाईंचा 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सृष्टीची उत्पत्ती, युगे, मन्वंतरे अशा गहन विषयांत वाचक बुडालेला असताना त्यात अचानक एक प्रकरण येते ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या एका यंत्रकाराचे. त्याचे नाव जॉन वॉरेल कीली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी हा यंत्रकार तुरुंगात जाऊन आला होता. कारण त्याच्या शोधाचा मालक कोण, हा वाद कोर्टात पोचला होता.

तिथून मी कीलीच्या मागे लागलो. मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. पण आमच्या घरातला सात कलमांचा करार वाचलेला असल्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटली नाही.

०

कीली यांचा जन्म १८३७ चा. सुतारकाम, वाद्यवृंदात वाजवणे, यंत्रदुरुस्ती असे बरेच काही करून झाल्यावर १८७२ च्या सुमारास त्यांनी एक नवी शक्ती सापडल्याचे जाहीर केले. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या धनिकांनी पैसा घातला आणि 'कीली मोटर कंपनी' उभी राहिली. नोव्हेंबर १८७४ मध्ये काही निवडक लोकांसमोर प्रात्यक्षिक झाले. कीलींनी यंत्राच्या तोटीत फुंकर घातली, मग त्यात साधे नळाचे पाणी ओतले. थोड्याच वेळात दाबमापकाचा काटा चौरस इंचाला हजारो पौंड दाखवू लागला. या दाबाने जाड दोर तुटत, लोखंडी कांबी वाकत, बंदुकीची गोळी फळ्यांच्या थप्पीतून आरपार जाई. थोड्याशा पाण्यावर आगगाडी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेता येईल, असा कीलींचा दावा होता.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. वाफेच्या इंजिनाने जग बदलल्याला फार वर्षे झाली नव्हती. १८७६ साली ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनला पेटंट मिळाले आणि ज्यांनी सुरुवातीला पैसे घातले ते श्रीमंत झाले. काल अशक्य असलेली गोष्ट आज दुकानात मिळत होती. अशा काळात 'हे होऊच शकत नाही' असे म्हणणारा माणूस शहाणा न वाटता मागासलेला वाटतो. कीलींचे भागधारक मूर्ख होते असे मानले, तर या गोष्टीतून शिकण्यासारखे काही उरत नाही.

बेल यांनी आपली कृती पेटंट-अर्जात लिहून दिली होती. पेटंट म्हणजे मुळात एक सौदा असतो : कृती सर्वांसमोर ठेवा आणि ठरावीक वर्षे तिच्यावर मक्तेदारी घ्या. दुसरी वाट गुपिताची. कृती कुणाला सांगायची नाही आणि कळेपर्यंत कमवायचे. कीली या दुसऱ्या वाटेने गेले. शोध अपुरा आहे, थोडे काम बाकी आहे, पूर्ण झाल्याशिवाय सांगता येणार नाही, हे त्यांचे उत्तर वर्षानुवर्षे तेच राहिले. दरम्यान शक्तीचे वर्णन बदलत गेले. आधी ती पाण्यातून निघणारी वाफ होती. नंतर ती ईथरची शक्ती झाली, सहकंपनाची झाली. यंत्रे चालू करायला ट्यूनिंग फोर्क आणि तंतुवाद्ये आली. आता भागधारकासमोर एक विचित्र प्रश्न उभा राहिला. त्याच्या हातातला कागद पाण्याच्या शक्तीचा होता. ईथरच्या शक्तीत त्याचा वाटा होता की नव्हता?

१८८२ मध्ये भागधारकांचा धीर सुटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल कीलींच्या विरोधात लागला. आपले गुपित एका तिऱ्हाइताला सांगायला ते तयार झाले. कंपनीने विल्यम बोकेल यांची निवड केली. भागधारक वाट पाहत राहिले. १८८३ च्या अखेरच्या सभेत बोकेल उभे राहिले तेव्हा त्यांनी सांगितले ते असे, की पाण्याच्या रेणूंची रचना कंपनाने मोडून त्यातून प्रसरणशील वायू निघतो हा कीलींचा शोध आहे. अधिक तपशील आताच देणे उचित नाही. म्हणजे गुपित जाणणारे दोघे झाले आणि न जाणणारे होते तिथेच राहिले.

त्यानंतर आला तो खटला, ज्याने कीलींना तुरुंग दाखवला. बेनेट विल्सन नावाच्या गृहस्थांनी दावा लावला. कीली पूर्वी माझ्याकडे फर्निचरला व्हार्निश देण्याच्या कामावर होता, मी त्याला प्रयोगांसाठी पैसा पुरवला, त्या बदल्यात शोधावरचा हक्क माझा आहे, असे त्यांचे म्हणणे. विल्सन यांचा हक्क ज्या यंत्रावर होता तेच यंत्र आता कंपनीकडे आहे की नाही, हे पाहण्यासाठी न्यायालयाने यंत्रे तज्ज्ञांना दाखवण्याचा आदेश दिला. कीलींनी तो पाळला नाही. १७ नोव्हेंबर १८८८ रोजी न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांची रवानगी मॉयामेन्सिंग तुरुंगात झाली. तीन दिवसांत ते बाहेर आले आणि जानेवारी १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला.

या तीन दिवसांनी कीलींचे नुकसान झाले असे वाटेल. मला उलटे दिसते. प्रात्यक्षिकात शंका काढणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. खटल्यात मात्र वादी स्वतःच शपथेवर सांगतो की ही वस्तू मौल्यवान आहे, म्हणून तर ती मला हवी. विल्सन म्हणत होते शोध माझा, कंपनी म्हणत होती शोध आमचा, कीली म्हणत होते तो अजून माझ्याच डोक्यात आहे. या तिघांत 'शोध आहेच कुठे?' असे विचारण्यात कुणाचाच फायदा नव्हता. मालकीचा प्रश्न विचारला की अस्तित्वाचे उत्तर आपोआप 'हो' असे गृहीत धरले जाते. आमच्या घरातल्या कराराचे इंगित मला इथे कळले. सात कलमे लिहून झाल्यावर 'सदर यंत्र' नसेलच, असा विचार करायला जागाच उरत नाही.

०

कंपनी थकल्यावरही कीलींना एक मोठा आधार होता : क्लारा जेसप ब्लूमफील्ड-मूर. कागद उद्योगातल्या श्रीमंत व्यावसायिकाच्या त्या विधवा. वाचन दांडगे, लेखन स्वतःचे, ओळखी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर. त्यांनी कीलींना मोठ्या रकमा दिल्या, मासिक वेतन लावून दिले आणि १८९३ मध्ये त्यांच्यावर पुस्तकही लिहिले. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या लेखी कीली हे जन्मजात सिद्धी असलेले गृहस्थ होते; जे त्यांना साधते ते दुसऱ्याला साधणार नाही, असा त्यांचा सूर. अध्यात्माच्या भाषेत ही स्तुती असेल. कंपनीच्या भाषेत तिचा अर्थ भयंकर आहे. जे यंत्र एकाच माणसाच्या हाताने चालते त्याची एजन्सी देता येत नाही, परवाना विकता येत नाही आणि तपासणीही करता येत नाही.

ब्लूमफील्ड-मूर यांना शास्त्रज्ञांचे मत हवे होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. १८९५-९६ मध्ये तपासण्या झाल्या. विद्युत अभियंता अलेक्झांडर स्कॉट यांचे मत असे पडले की यंत्रे दाबलेल्या हवेवर चालतात आणि भरीव म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तारा मुळात पोकळ नळ्या आहेत. इंग्लंडहून आलेल्या लॅसेल्स-स्कॉट यांनी मात्र कीलींना अनुकूल मत दिले. दोन स्कॉट, दोन मते. अखेर एक तार कापून पाहावी असे सुचवले गेले. कीलींनी नकार दिला. बाईंनी हात आखडता घेतला.

१८ नोव्हेंबर १८९८ रोजी कीली वारले. दीड महिन्यात, जानेवारी १८९९ मध्ये, ब्लूमफील्ड-मूरही गेल्या. त्यांचे चिरंजीव क्लॅरेन्स मूर हे पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. आईच्या या नादाला त्यांचा पहिल्यापासून विरोध. त्यांनी कीलींची प्रयोगशाळा भाड्याने घेतली आणि एखादे प्राचीन टेकाड उकरावे तशी ती उकरली. सोबत अभियंता कार्ल हेरिंग, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक आर्थर गुडस्पीड आणि मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर. यंत्राच्या तपासणीला मानसशास्त्रज्ञ का न्यावा, हे ज्याच्या घरात असा करार झाला आहे त्याला सांगावे लागत नाही. फरशीखाली सुमारे तीन टन वजनाचा पोलादी गोळा निघाला. दाबलेली हवा साठवायला तो अगदी योग्य होता. भिंतींतून आणि जमिनीखालून बारीक नळ्या गेलेल्या होत्या. श्रद्धावंतांनी सांगितले की गोळा जुन्या, सोडून दिलेल्या प्रयोगांतला आहे. असेलही. पण पंचवीस वर्षांत ज्या यंत्राने एकही गिरणी चालवली नाही, त्याच्या बचावाला एवढेच उरले होते.

०

हे सगळे एकोणिसाव्या शतकातल्या भाबडेपणावर ढकलता आले असते, जर दुसरा खटला झाला नसता.

त्याच्या आधीची थोडी हकिकत सांगितली पाहिजे, कारण तिचा एक धागा मुंबईजवळून जातो. २३ मार्च १८८९ नव्हे, १९८९. शंभर वर्षांनी, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली. साध्या तापमानाला, काचेच्या भांड्यात अणूंचे संमीलन घडवून आपण उष्णता मिळवली, असे त्यांनी जाहीर केले. शोधनिबंधाआधी पत्रकार परिषद झाली. त्यामागे आपला हक्क पहिला ठरावा ही घाई होतीच. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. त्यांत तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्रही होते. तिथल्या अनेक गटांनी प्रयोग केले, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याच्या नोंदी केल्या आणि पी. के. अय्यंगार व एम. श्रीनिवासन यांच्या संपादनाखाली त्याच वर्षी अहवाल छापून मोकळे झाले. काय केले, कशाने मोजले, किती मिळाले, हे कागदावर आले. इतरत्र बहुतेकांना असे काही मिळेना, वैज्ञानिक जगाचे मत विरोधात गेले आणि तुर्भ्यातले कामही पुढे आवरले गेले. वाद झाला, पण तो निष्कर्षांचा. मालकीसाठी कुणी कुणाला कोर्टात खेचले नाही. उघड्या मुठीचा हा फायदा असतो. चूक झाली तरी ती संपते.

१४ जानेवारी २०११ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात आंद्रेआ रॉसी यांनी, निवृत्त प्राध्यापक सर्जो फोकार्डी यांच्या साथीने, 'ई-कॅट' नावाचे यंत्र दाखवले. निकेलची पूड आणि हायड्रोजन यांच्यापासून, घातलेल्या विजेच्या कित्येक पट उष्णता निघते, असा दावा होता. त्यात आणखी एक घटक होता आणि तो गुप्त होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या 'इंडस्ट्रियल हीट' या कंपनीशी करार झाला. पंधरा लाख डॉलर यंत्रासाठी, एक कोटी पहिल्या चाचणीनंतर आणि आठ कोटी नव्वद लाख डॉलर जवळपास वर्षभराच्या चाचणीत यंत्र उतरले तर. पहिले दोन हप्ते दिले गेले. शेवटची चाचणी २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात फ्लोरिडातल्या डोरल गावच्या एका गोदामात झाली. यंत्र रॉसी स्वतःच सांभाळत होते.

चाचणीच्या अहवालात यंत्राने घातलेल्या ऊर्जेच्या पन्नासपटींहून अधिक ऊर्जा दिल्याचे आकडे होते. कंपनीने पैसे दिले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये रॉसींनी खटला भरला. कंपनीनेही उलट दावा केला : सांगितल्याप्रमाणे यंत्र चालवून पाहिले तर आम्हाला जादा उष्णता मिळत नाही, मोजमाप सदोष आहे, आणि जो 'ग्राहक' ही वाफ वापरत असल्याचे सांगितले गेले तो रॉसींच्याच बाजूचा आहे. रॉसींनी हे आरोप नाकारले.

या खटल्यात एक साधा प्रश्न उभा राहिला, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दाव्यानुसार गोदामात एक मेगावॅट उष्णता तयार होत होती. आपल्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. तसे पाचशे गीझर रात्रंदिवस चालू ठेवले, तर ती उष्णता कुठे तरी जायला हवी. ती गेली कुठे? माळ्यावर उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा बसवली होती आणि चाचणीनंतर ती काढून टाकली, असे रॉसींचे उत्तर होते. म्हणजे तपासायला गेलेल्यांना ती पाहायला मिळणार नव्हती.

इथे कीली आणि रॉसी यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर उरत नाही. कृती गुप्त ठेवण्यात गैर काही नाही. मसालेवाले ठेवतात, अत्तरवाले ठेवतात. गिऱ्हाईक चव घेते, वास घेते आणि पैसे देते. ऊर्जेचीही चव घेता येते. पेटी न उघडता. आत किती गेले, बाहेर किती आले, एवढे मोजायचे. पण गिऱ्हाइकाने, गिऱ्हाइकाच्या मापाने आणि पुरेसा काळ. कीलींचा काटा दाब दाखवत होता. दाब म्हणजे ऊर्जेचे उत्पादन नव्हे. आधी भरून ठेवलेल्या टाकीतही दाब असतो. असली गोष्ट चालते ती कृतीच्या गुप्ततेवर नव्हे, मोजमापाच्या गुप्ततेवर. मोजणारा आणि विकणारा एकच असेल, तर करारात कितीही कलमे असोत, तो करार 'सदर यंत्रा'चाच राहतो.

मायामीच्या न्यायालयात ज्युरी बसली. कीलींच्या खटल्यात जे घडले नव्हते ते इथे घडू पाहत होते. यंत्र चालते का, हा प्रश्न उंबरठ्यापर्यंत आला होता. पण सुनावणी सुरू होताच, जुलै २०१७ च्या पहिल्या आठवड्यात, दोन्ही पक्षांनी तडजोड केली. परवाना संपला, यंत्रे रॉसींकडे परत गेली. ज्युरीला काही ठरवावे लागले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथे ती दहा कोटींची होती आणि झाकलेलीच घरी गेली.

या कंपनीत २०१५ साली ब्रिटनमधल्या वुडफर्ड यांच्या गुंतवणूक फंडाचाही पैसा आला होता. जून २०१९ मध्ये त्यांचा मोठा फंड गोठवावा लागला. त्याला एकटी ही कंपनी कारण नव्हती. सहज विकता न येणाऱ्या अनेक गुंतवणुकी त्यात होत्या आणि ही त्यांतली एक. पण ज्यांचे पैसे अडकले त्यांत निवृत्तीची पुंजी ठेवलेली साधी माणसेही होती. निकेलची पूड आणि हायड्रोजन यांच्याशी आपला संबंध आहे, हे त्यांतल्या कितींच्या ध्यानीमनी असेल? कीलींच्या भागधारकांना निदान फिलाडेल्फियात जाऊन दोर तुटताना पाहता येत होते.

०

गेल्या वर्षी काकांनाही देवाज्ञा झाली. दशक्रियेला गेलो. माणसे पांगल्यावर चुलतभावाने त्यांच्या कपाटातून एक कागद आणून दाखवला. त्याच कराराची दुसरी प्रत. आमची घडीवर फाटली आहे, त्यांची प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली. तालुक्यांच्या कलमाखाली काकांनी पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात वडिलांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढले होते. 'सदर यंत्र' या शब्दांखाली रेघ नव्हती.

आम्ही दोघे बराच वेळ तो कागद पाहत बसलो. मग त्याने विचारले, "तुला आठवतं का रे, ते खरंच चाललं होतं का?" मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या मळ्यात मी होतो. इंजिनाचा आवाज आठवतो, पाण्याची धार आठवते, वडील आणि काका शेजारी शेजारी उभे होते हेही आठवते. टाकीत काय होते ते कुणी पाहिले नव्हते.